सावित्रीचे मुख कोणाच्या हाती?

१. होर्मुझची सामुद्रधुनी, बाब-अल-मंदेब, सुवेझ. ही नावे आता रोजच्या बातम्यांत येतात आणि आपण त्यांचा अर्थ बहुधा धर्म, नेता किंवा जुने वैर एवढ्यातच शोधतो. आजचा थ्रेड महाड-पोलादपूरच्या भूमीवरून हे कोडे वाचण्याचा एक प्रयत्न आहे. मित्रहो, घोषणांच्या आधी नकाशा वाचावा, आणि नकाशा वाचून झाल्यावर करारनामा वाचावा, एवढेच यातून सांगायचे आहे.

२. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते, तेथे गांधारीला भेटते आणि बाणकोट-हरिहरेश्वर यांच्या मधून समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते आत येत. मीठ, नारळ घाटावर चढे आणि देशावरचे धान्य खाली उतरे. महाडजवळची गांधारपाले लेणी सांगतात की ही पेठ आणि ही वाट फार प्राचीन आहे.

३. या व्यापाराला तीन दारे होती. वरचे दार म्हणजे वरंधा आणि पार यांसारखे घाट. मधले दार म्हणजे महाडची पेठ. खालचे दार म्हणजे बाणकोटची खाडी. या तीन दारांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, यावर या मुलखाचे राजकारण ठरत आले. आजच्या भाषेत सांगायचे तर हे आपले होर्मुझ होते.

४. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. शाळेत आपण ही कथा चंद्रराव मोऱ्यांच्या उद्दामपणाची म्हणून ऐकतो. तो भाग होताच. परंतु जावळी म्हणजे घाटवाटांचे नाके होते. पाठोपाठ रायरी हाती आली, तोच पुढचा रायगड. पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाला भेटीसाठी याच अरण्यात यावे लागले. युद्धभूमी कोणती असावी, याचा निर्णय तीन वर्षे आधीच झाला होता.

५. आता जून १६७४. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर होता. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. त्याची शिक्षा म्हणून १६६१ मध्ये त्यांची वखार लुटली गेली. आता त्यांना नुकसानभरपाई, व्यापाराची सवलत आणि तह हवा होता.

६. महाराजांनी काय दिले, यापेक्षा कशाला हरकत घेतली ते पाहावे. व्यापार दिला, वखारींना परवानगी दिली. परंतु कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत मिळावा, या मागण्यांना त्यांनी हरकत घेतली. जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करावा, हा सल्लाही मानला नाही. सौदा करावयाचा, पण सार्वभौमत्वाच्या खुणा विकावयाच्या नाहीत, ही ती रेषा होती.

७. ऐंशी वर्षांनंतर चित्र पालटले. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे जुमानेना. स्वतःचे आरमार तोकडे होते, म्हणून मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. त्याच मोहिमेत बाणकोट इंग्रजांकडे गेला. हिंमतगडाचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाले.

८. पुढचा दुवा थेट युरोपातून येतो. त्याच सुमारास क्लाइव्ह मुंबईस आला तो आंग्र्यांसाठी नव्हे. मराठ्यांच्या साहाय्याने दख्खनमधल्या फ्रेंचांवर चालून जावे, असा बेत होता. परंतु इंग्रज-फ्रेंचांत तात्पुरता समेट झाला आणि सज्ज फौज रिकामी राहिली. ती वॉटसनच्या आरमारासह विजयदुर्गावर वळली. फेब्रुवारी १७५६ मध्ये किल्ला पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले.

९. ऑक्टोबर १७५६ च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. बाणकोट मात्र कायमचा इंग्रजांकडे राहिला. शिवाय डचांना मराठी मुलखात व्यापार करू द्यावयाचा नाही, असेही कलम आले. म्हणजे कोकणातल्या एका घरगुती भांडणाच्या निकालपत्रात इंग्रजांनी आपल्या युरोपीय प्रतिस्पर्ध्याचे दार लावून घेतले. जून १७५७ मध्ये तोच क्लाइव्ह प्लासीला उभा होता.

१०. पेशव्यांना एका वाक्यात दोषी ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. तुळाजी पेशव्यांचीच जहाजे लुटत होता. केंद्राला न जुमानणारा सरदार वठणीवर आणणे हे कोणत्याही शासनाचे काम असते. पुढे विजयदुर्गाहून पेशव्यांचे आरमार धुळपांनी समर्थपणे चालविले, हेही विसरू नये. माझा आक्षेप मदत घेण्याला नाही. तो मदतीच्या किमतीला आहे.

११. कारण १६७४ मध्ये व्यापार दिला गेला होता, तर १७५६ मध्ये नदीचे मुख. जकातीची सवलत पुढच्या वर्षी रद्द करता येते. मुखावर बसलेला किल्ला उठवता येत नाही. राजधानीच्या पायथ्याची पेठ आपली आणि तिच्या खाडीचे दार परक्याचे, अशी स्थिती झाली. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे रायगड पडला. त्याला कारणे अनेक होती. बाणकोट हे त्यांतले एकमेव नव्हे. परंतु किनाऱ्यावरचे पाय रोवणे तेव्हाच सुरू झाले होते.

१२. आता आजचा नकाशा उघडावा. २०१७ मध्ये श्रीलंकेने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीस दिले. बाब-अल-मंदेबच्या तोंडाशी असलेल्या चिमुकल्या जिबूतीत अमेरिका, फ्रान्स, जपान आणि चीन या सर्वांचे तळ आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा व्यापारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. जावळीत घाट अडला की महाडची पेठ ओस पडे, त्याचेच हे मोठे रूप.

१३. हे सारे आपल्यापासून दूरही नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या खनिज तेलापैकी सुमारे एकपंचमांश होर्मुझमधून जाते. सावित्रीच्या खाडीकाठच्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. १९९० मध्ये कुवेतवर इराकने आक्रमण केले, तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. महाडच्या औद्योगिक वसाहतीलाही कच्च्या मालाचे आणि जहाजभाड्याचे भाव चुकत नाहीत.

१४. म्हणून इतिहासप्रेमी तरुणांना एक विनंती. कोणत्याही संघर्षाची बातमी आली की ‘कोण बरोबर’ असे विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. वाट कोणती अडते आहे? मदतीला आलेला मुळात कोणाशी लढायला निघाला होता? आणि त्याने मोबदल्यात जे मागितले, ते परत घेता येण्याजोगे आहे काय? न्याय-अन्यायाचा प्रश्न यामुळे लहान होत नाही. त्याचे उत्तर अधिक जबाबदारीने देता येते.

१५. भूगोल नियती ठरवतो, असे म्हणण्याचा मोह होतो. ते खरे नाही. तीच सावित्री, तेच घाट, तीच खाडी दोन्ही शतकांत होती. फरक होता तो करारावर शिक्का उमटविण्यापूर्वी कोणत्या कलमाशी हात थांबला, यात.