विश्लेषण : झोपडीवर बुलडोझर चालतो तेव्हा एका छायाचित्राला किती किंमत?

सांताक्रूझ पूर्वेतील गोळीबार परिसरापासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या करमाडच्या रेल्वेरुळांपर्यंत, महाराष्ट्रातील स्थलांतरित मजूर, बदलते शहर आणि रस्त्यावरची आंदोलने यांची नोंद अनेकदा सरकारी कागदाआधी कॅमेऱ्याने घेतली. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण अशा छायाचित्राला कायद्यापुढे किती वजन असते? आणि ज्याचा फोटो काढला जातो, त्याच्या हक्काचे काय?

गोळीबारमध्ये काय घडले होते?

खार पूर्व आणि सांताक्रूझ पूर्व यांच्या मधोमध पसरलेली गोळीबारची वस्ती मुंबईतील मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. विमानतळ, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि वांद्रे-कुर्ला संकुल जवळ असल्याने येथील जमिनीला मोठा भाव आहे. या वस्तीचा पुनर्विकास एकाच विकासकाकडे सोपवण्यात आला. त्यासाठी झोपडपट्टी कायद्यातील ‘३ के’ या कलमाचा आधार घेण्यात आला. वस्तीतील गणेश कृपा सोसायटीच्या रहिवाशांनी संमतीपत्रांवरील सह्या बनावट असल्याचा आरोप केला आणि वाद न्यायालयात गेला. त्याच काळात पोलीस बंदोबस्तात घरे पाडली जात होती. मे २०११ मध्ये मेधा पाटकर यांनी वस्तीतच उपोषण केले. चौकशीच्या सरकारी आश्वासनानंतर नवव्या दिवशी ते सुटले.

जावेद इक्बाल यांच्यासारख्या वृत्तछायाचित्रकारांनी गोळीबारमधील पाडकामे वारंवार जाऊन टिपली. वारंवार जाण्याला येथे महत्त्व आहे. एकाच दिवसाच्या छायाचित्रात बुलडोझर, पोलीस आणि आक्रोश दिसतो. त्याच गल्लीत महिन्यामहिन्याने काढलेल्या छायाचित्रांतून कोण राहिले, कोण गेले, कोण संक्रमण शिबिरात अडकले आणि मोकळ्या जागेवर पुढे काय उभे राहिले, हे कळते.

झोपडपट्टी आणि फोटो यांचे नाते किती जुने?

मुंबईत झोपडीचा फोटो आधी सरकारने काढला. ४ जानेवारी १९७६ रोजी शहरातील झोपड्यांची गणना झाली आणि त्यानंतर झोपडीधारकांना ‘फोटोपास’ देण्यात आले. छायाचित्र असलेले हे ओळखपत्र म्हणजे अमुक कुटुंब अमुक झोपडीत राहते याचा सरकारी दाखला. २००१ मध्ये झोपडपट्टी कायद्यात ‘संरक्षित झोपडीधारक’ ही संकल्पना आली, तीही फोटोपासशी जोडलेली होती. पात्रतेची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, नंतर ती १ जानेवारी २००० झाली. २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना सशुल्क घराची तरतूद पुढे करण्यात आली.

त्यामुळे झोपडपट्टीतल्या अनेक घरांत फोटोपास, जुने वीजबिल आणि मतदार यादीचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुरात अनेकांची कागदपत्रेच वाहून गेली. कागद गेला की कुटुंब ‘अपात्र’ ठरण्याची भीती असते. धारावीत आता ड्रोन आणि ‘लायडार’ तंत्राने सर्वेक्षण झाले. प्रतिमेच्या आधारे पात्र-अपात्र ठरवण्याची जुनीच पद्धत तेथे नव्या यंत्रांनी पुढे गेली आहे.

पत्रकारितेने निर्णय बदलला का?

काही वेळा बदलला, पण पूर्ण नव्हे. जुलै १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्या सरकारने पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवण्याचा निर्णय घेतला. त्याविरोधात न्यायालयात गेलेल्यांत पत्रकार ऑल्गा टेलिस होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र पदपथावर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत कारवाई थांबली, एवढाच तात्काळ दिलासा मिळाला. त्याच वर्षी आलेल्या आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटाने ही पाडकामे पडद्यावर आणली.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे छायाचित्रण दीर्घकाळ केले. गटारात उतरणारा, कचऱ्याच्या गाडीवर उभा असलेला कामगार त्यांच्या छायाचित्रांमुळे वाचकांसमोर आला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चचेही असेच झाले. सुमारे १८० किलोमीटर चालून सोललेल्या तळपायांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि शहरातला मध्यमवर्ग पाणी, खाऊ, चपला घेऊन रस्त्यावर आला. दहावीच्या विद्यार्थ्यांची गैरसोय नको म्हणून मोर्चेकरी रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. यातील बरीचशी मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची होती. तिची अंमलबजावणी रखडल्याची तक्रार करत आंदोलकांना पुढे पुन्हा चालावे लागले. छायाचित्राने सरकारला चर्चेला बसवता येते, अंमलबजावणी करून घेता येत नाही.

आकडेच नसतील तर?

तेव्हा छायाचित्र हीच मुख्य नोंद उरते. टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. थकून ते रुळांवरच झोपले होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या-पोळ्यांचे छायाचित्र होते. त्यात एकही चेहरा, एकही मृतदेह नव्हता, तरी काय घडले ते प्रत्येकाला समजले.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले, की गावी परतताना मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांची माहिती ठेवलेली नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ पासून कायदा असूनही ही स्थिती होती. असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झाले ते ऑगस्ट २०२१ मध्ये.

छायाचित्र दिशाभूलही करते का?

करते, आणि त्याचे उदाहरण सांताक्रूझपासून दोन स्थानके अलीकडचे आहे. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. त्याच दुपारी वांद्रे पश्चिम स्थानकाबाहेर गावी जाण्याच्या आशेने शेकडो मजूर जमले. गर्दी जमली तेथे जवळच मशीद आहे. छायाचित्रांत आणि चित्रफितींत ती दिसताच समाजमाध्यमांवर या गर्दीला धार्मिक रंग देण्यात आला. हातात काम नव्हते, खोलीचे भाडे थकले होते, गाडी सुटणार अशी चर्चा होती, यातील काहीच चौकटीत दिसत नव्हते. छायाचित्र खरे होते, त्याला जोडलेली गोष्ट खोटी होती. म्हणूनच वृत्तपत्रात छायाचित्राइतकेच महत्त्व त्याखालच्या ओळीला असते. कुठे, कधी, कोण आणि का, ही चार उत्तरे नसलेला फोटो पुढे पाठवणे धोक्याचे ठरते.

आंदोलन एका मैदानापुरते उरल्याने काय बदलले?

मुंबईत मोर्चे आणि धरणी यांना आझाद मैदानातील राखीव भागापुरते मर्यादित ठेवण्याचे धोरण उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर स्थिरावले. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र नियम केले. ऑगस्टअखेर मनोज जरांगे यांच्या आंदोलनावेळी याच नियमांची उच्च न्यायालयात चर्चा झाली. वाहतूक कोंडी टाळण्याचा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण उपनगरांच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम होतो. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे दक्षिण मुंबईतील मैदानात असतात आणि ज्या गल्लीत घर पाडले जाते ती वाकोला, गोळीबार किंवा कलिन्यात असते. रोजंदारीवरच्या माणसाला मैदान गाठायचे तर एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. अशा गल्लीतली नोंद आता बहुतेक वेळा रहिवाशाच्या मोबाइलवरच असते.

मोबाइलवरचा फोटो न्यायालयात चालतो का?

चालतो, पण अट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वीच्या कायद्यातील ‘६५ ब’ची ही सुधारित तरतूद. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक उपकरण हाताळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिचा अंकीय ठसा, नोंदवावे लागते. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी हा ठसा बदलतो.

सामान्य माणसासाठी याचा अर्थ सोपा आहे. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास तो आकाराने लहान होतो आणि तारीख, वेळ, ठिकाण यांची आतली माहिती गळून पडते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मूळ फोटोवर मजकूर लिहू नये, तो कापू नये. घराच्या फोटोत शेजारचा खांब, दुकानाची पाटी किंवा नळजोडणी यांपैकी काहीतरी यावे, म्हणजे जागा ओळखता येते. नोटीस चिकटवली असेल तर तिचा जवळून आणि दारासह लांबून, असे दोन फोटो घ्यावेत.

ज्याचा फोटो, त्याची संमती हवी का?

सार्वजनिक रस्त्यावर बातमीसाठी छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी नाही. मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. २०१९ च्या विधेयकात पत्रकारितेला स्पष्ट सूट होती. २०२३ च्या कायद्यात ती नाही. पत्रकार संघटनांचा आक्षेप नेमका यावर आहे. मोर्चातील प्रत्येक चेहऱ्याची संमती मागणे अशक्य आहे आणि संमतीअभावी छायाचित्र काढून टाकावे लागले, तर नोंदच पुसली जाईल.

कायद्यापलीकडचा प्रश्नही आहे. गावी ‘मुंबईत नोकरीला आहे’ असे सांगून आलेल्या माणसाचा पदपथावर झोपलेला फोटो गावात पोहोचला तर? घरमालकाविरुद्ध बोललेल्या भाडेकरूचा चेहरा छापला तर? करमाडच्या रुळांवरील पोळ्या किंवा लाँग मार्चमधील पाय यांनी दाखवून दिले, की चेहरा न दाखवताही बातमी पूर्ण सांगता येते.

छायाचित्रकाराला संरक्षण काय?

माध्यमकर्मींवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्यांसाठी आहे. पाडकामाचा फोटो घेणारा रहिवासी त्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी सामान्य फौजदारी कायदाच उरतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्या घरांचे पुनर्वसन पुढील काही वर्षांत व्हायचे आहे. त्याची पहिली छायाचित्रे बहुधा त्यांच्याच फोनमध्ये असतील आणि ती टिकली तरच उद्याच्या पात्रतेच्या वादात त्यांचा उपयोग होईल.