कवेलू की पॅनल? आधी हिशेब, मग छप्पर



बियाणे विकायला येणारा, फवारणीचे औषध विकायला येणारा आपल्या ओळखीचा झाला आहे. आता छपरावर वीज पिकवून देणाराही दारात येऊ लागला. त्याच्या पिशवीत दोन माल आहेत. एक म्हणजे सगळ्यांनी पाहिलेले सौर पॅनल. दुसरा नवा, दिसायला देखणा: विजेचे कवेलू. म्हणजे घराचे छप्परच वीज देणार, वर वेगळे पॅनल ठेवायलाच नको. अमेरिकेत टेस्ला कंपनीने २०१६ साली असे छप्पर जगाला दाखवले. आठवड्याला हजार घरांवर ते चढवू, अशी घोषणाही पुढे झाली. तो आकडा कंपनीला गाठता आला नाही. तरी कवेलूच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्याला ही कल्पना मोहात पाडणारी आहे. मोह पडू द्या, पण सही करण्याआधी हिशेब मांडा.

घरची वीज घरच्या छपरावर व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही. कुहीच्या शेजारी मौद्याला एनटीपीसीचे २,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे. त्याला पाणी जाते गोसीखुर्दच्या जलाशयातून. त्याच जलाशयात कुही तालुक्यातली गावे आणि वावरे बुडाली. जमीन आमची गेली, राख आमच्या जिल्ह्यात उडते, आणि रात्री लाइन गेली की अंधारात चाचपडणेही आमच्याच वाट्याला. तेव्हा डोक्यावरच्या उन्हाचा उपयोग आपण केलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की कोणत्या वस्तूने आणि किती पैशांत.

पहिला हिशेब पैशाचा. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. हे अनुदान किलोवॉटवर मोजतात, तुम्ही किती महाग माल घेतला यावर नाही. इथेच खरी मेख आहे. दोन किलोवॉटच्या पॅनलला साधारण एक लाख रुपये धरा. ६० हजार अनुदान गेले, खिशातले लागले ४० हजार. आता समजा, विजेच्या कवेलूंचा खर्च दीडपट, म्हणजे दीड लाख आला. अनुदान तेवढेच ६० हजार. खिशातले गेले ९० हजार. मालाची किंमत दीडपट झाली, पण आपल्यावरचा बोजा सव्वादोनपट झाला! २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. तो खरोखर हाती पडला असे धरले, तरी पॅनलला पाच क्विंटल कापूस लागतो आणि कवेलूला अकरा. उरलेल्या सहा क्विंटलांत घराची शोभा घ्यायची का, हे घरातल्या बाईला विचारा. ती बरोबर उत्तर देईल.

दुसरा हिशेब उन्हाचा. जितके ऊन जास्त तितकी वीज जास्त, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. सौर पट्टीला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पट्टीचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ अंशांपर्यंत तापते. पट्टी ६५ अंशांवर गेली तर सातवा हिस्सा वीज तिथेच गेली. पॅनल छपरापासून वीतभर वर उचललेले असते, खालून वारा खेळतो, ताप थोडा उतरतो. कवेलू छपरालाच चिकटलेले. त्याला वारा कुठून लागणार? ते आणखी दहा अंश तापले, तर आणखी तीन-चार टक्क्यांची तूट.

तिसरा हिशेब दुरुस्तीचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. कवेलूच्या घराचे सुखदुःख आपल्याला कोणी शिकवायला नको. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की काय होते, ते आपण दर वर्षी पाहतो. पण मातीचे कवेलू फुटले तर दुसरे ठेवता येते. विजेचे कवेलू फुटले तर? छपरावर अशा तुकड्यांचे शेकडो जोड, प्रत्येकाखाली तार. बिघाड कोणत्या जोडात आहे, हे शोधायला नागपूरहून माणूस येणार. तो आला, तरी त्याच मापाचा, त्याच बनावटीचा तुकडा मिळेल तेव्हा काम होणार. कंपनीने तो माल बंद केला तर संपलेच. पॅनलचे तसे नाही. आज ५४० वॅटच्या दोन पॅनलांत एक किलोवॉट भागते. जागा लागते पंचावन्न-साठ चौरस फूट. एक फुटले तर चार नटबोल्ट सोडा, दुसऱ्या कंपनीचे जुळणारे बसवा. एकाच दुकानाच्या दावणीला बांधले गेले की काय होते, हे बियाण्याच्या बाजारात आपण पुरेसे भोगले आहे. आता छप्परही त्याच दावणीला बांधायचे काय?

कवेलूच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. ज्याला नवे घर बांधायचे आहे, उतरते छप्पर करायचेच आहे, त्याचा साध्या छपराचा खर्च वाचतो. वावटळीत वर उचललेले पॅनल नीट बांधले नसेल तर उडते, कवेलूला ती भीती कमी. ज्याच्या घरी पैसा आहे आणि हौस आहे, त्याने खुशाल करावे. पण कोरडवाहू शेतकऱ्याचे घर हे नाही. नवे घर स्लॅबचे असेल, तर कवेलूचा प्रश्नच मिटतो.

मग जुन्या कवेलूच्या घरावर पॅनल कसे बसवायचे? बसवूच नये. जुन्या लाकडावर वजन टाकणे आणि धुवायला त्यावर चढणे, दोन्ही धोक्याचे. गोठ्याचे टिन मजबूत असेल तर त्यावर, नाहीतर सांदवाडीत लोखंडी खांब रोवून त्यावर पॅनल घ्यावे. तोंड दक्षिणेला, उतार वीस-एकवीस अंशांचा. झाडाची सावली नको. अर्थिंग पक्के हवे, आपल्याकडे वीज पडते. धुवायचे ते सकाळी, भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचे नाही.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही. लाइनला जोडलेली साधी यंत्रणा, कवेलूची असो की पॅनलची, लाइन गेली की बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ नये म्हणून तसे करतात. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी वेगळी, तिचा खर्च वेगळा.

आणि किती किलोवॉट? एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देते, महिन्याला शंभर-सव्वाशे. ज्या घरात शंभर युनिटच्या आत भागते, त्याने तीन किलोवॉटचे कर्ज कशाला काढायचे? अशा घरांसाठी २०२५ साली राज्याची ‘स्मार्ट’ योजना आली आहे. एका किलोवॉटला दारिद्र्यरेषेखालील घराला २,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला ५ हजार आणि इतर पात्र घरांना १० हजार भरावे लागतात. आधी त्यात आपले नाव बसते का ते पाहा. आणि कोणालाही सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. सूर्यघर योजनेत काम पूर्ण होऊन मीटर बसल्यावर अनुदान ग्राहकाच्या खात्यात येते, आणि पाच वर्षे देखभाल करणे बसवणाऱ्यावर बंधनकारक आहे. ते कागदावर लिहून घ्या.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या घरांना पॅनल, तेही गरजेपुरते. पुढच्या बैठकीला येताना गावातल्या पाच घरांची वर्षभराची बिले घेऊन या. एकेकट्याने सौदा केला तर विकणारा भाव सांगेल. दहा घरांनी मिळून केला तर भाव आपण सांगू, आणि दुरुस्तीचा माणूस कुहीतच बसव, ही अटही घालू.