कार्यालयातील ‘शिस्त’ कोणाच्या हिताची?

सरकारी कचेरी असो, महानगरपालिका असो, बँक असो वा खाजगी कंपनी. कामाच्या ठिकाणी काही सवयी इतक्या मुरल्या आहेत की त्यांनाच शिस्त समजले जाते. साहेब बसले असेपर्यंत उठायचे नाही. साहेबांनी तोंडी सांगितले की लेखी मागायचे नाही. वर्षअखेरीस आपल्याबद्दल काय शेरा मारला, हे विचारायचे नाही. या सवयींनी काम सुधारत नाही, कर्मचाऱ्याचे मात्र नुकसान होते. आणि ज्याच्या पाठीशी वर ‘आपला माणूस’ नसतो त्याचे सर्वांत आधी होते. म्हणूनच हा प्रश्न आमच्या चळवळीचा आहे.

पहिली सवय उशिरापर्यंत थांबण्याची. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. कामगारालाही घर आहे, शिक्षण आहे, सार्वजनिक जीवन आहे, हे त्यामागचे तत्त्व. आज काय चालले आहे? वेळेत काम संपवून कसाऱ्याची लोकल गाठणारा कामचुकार ठरतो आणि दिवसभर गप्पा मारून रात्री आठपर्यंत बसणारा निष्ठावंत ठरतो! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. ज्याची नोकरीच ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याच्या संमतीला अर्थ किती?

दुसरी सवय तोंडी आदेशाची. वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा आणि तोंडी आदेश मिळाल्यास कनिष्ठाने त्याची लेखी पुष्टी मागावी, असे केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे वर्तणूक नियमच सांगतात. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी.एस.आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, असे बजावले. तरीही लेखी मागणारा ‘उद्धट’ ठरतो. पुढे प्रकरण अंगाशी आले की साहेब म्हणतात, मी असे सांगितलेच नव्हते! चौकशी सही करणाऱ्या कनिष्ठाची होते.

या सवयीचे सर्वांत भीषण रूप गटारात दिसते. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यास बंदी घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण माणूस मेला की त्याला आत कोणी उतरवले याचा कागद सापडत नाही. अधिकारी ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे. तोंडी आदेशाला ना तारीख असते, ना सही. मरणारे कोणत्या वस्त्यांतले असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

तिसरी सवय गोपनीय शेऱ्याची. देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा खटला प्रत्येक कर्मचाऱ्याने माहीत करून घेतला पाहिजे. सीमा रस्ते विभागातील या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ या एका वर्षासाठी ‘चांगला’ असा शेरा होता. ऐकायला वाईट काय? पण पदोन्नतीसाठी पाचही वर्षे ‘फार चांगला’ हवा होता. त्या एका शेऱ्याने पदोन्नती अडली आणि तो त्यांना कळवलाच नव्हता! १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रतिकूलच नव्हे तर प्रत्येक शेरा कळवला पाहिजे. न कळवणे हा घटनेच्या कलम १४ चा भंग आहे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ठपका न ठेवता माणसाला मागे ठेवण्याचे हे सोपे हत्यार आहे. जातीचा उल्लेखही करावा लागत नाही.

या तिन्ही सवयींचे मूळ एकच. जे लिहिलेले नाही ते बलवानाच्या सोयीने वळते. मनूच्या व्यवस्थेला मर्जी पुरत होती. बाबासाहेबांनी आम्हाला मर्जी दिली नाही, लिखित हक्क दिले.

तेव्हा कर्मचारी बंधू-भगिनींनो, तोंडी आदेश मिळाला तर त्याच दिवशी ‘आपल्या तोंडी आदेशानुसार’ अशी टिपणी नस्तीवर ठेवा. शेऱ्याची प्रत मागा, पटला नाही तर मुदतीत निवेदन द्या. संमतीपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नका. एकट्याला हे जड जाते, म्हणून मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी जयंतीच्या वर्गणीइतक्याच तत्परतेने हे काम अंगावर घ्यावे. आणि आमचे जे बांधव स्वतः साहेबांच्या खुर्चीवर बसले आहेत, त्यांनी आज संध्याकाळी आपल्या शिपायाला वेळेवर घरी सोडावे. सुरुवात तिथूनही होऊ शकते.