राग न्यायालयावर, चूक तपासाची

मालमोटार लुटून चालकाचा व क्लीनरचा खून केल्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाने अपील मंजूर करून आरोपींना सोडले, की ‘खुनी मोकाट सुटले’ असा सूर वाचकांच्या पत्रांतून लगेच उमटतो. मात्र शिक्षा टिकवू शकणारा पुरावा तपासात गोळाच का झाला नाही, हे कोणी विचारत नाही आणि राग नको त्याच्यावर निघतो.

अशा गुन्ह्याचे साक्षीदार असणारे दोघेही मारले गेलेले असल्याने खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर, म्हणजे घटनांच्या सलग साखळीवर उभा राहतो, आणि त्या साखळीतून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सांगून ठेवले आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाब तर पुरावा म्हणून ग्राह्यच नसतो. भोपाळजवळच्या मंडीदीपमधील एका शिंप्याने मालमोटारींच्या चालक-क्लीनरांचे 33 खून कबूल केल्याचे 2018 मध्ये पोलिसांनी जाहीर केले, तेव्हा त्या आकड्याचे मथळे झाले. न्यायालयात मात्र त्या आकड्याला स्वतंत्र पुराव्याविना काडीचे मोल नसते. कबुलीतून ज्या वस्तूचा शोध लागतो, तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो, म्हणून सारी भिस्त जप्त मुद्देमालावर येऊन पडते.

येथेच तपासाचा खरा नाकर्तेपणा दिसतो, कारण चोरीचा माल गुन्ह्यानंतर लगेच ज्याच्याकडे सापडतो तो चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा मानता येत असला, तरी सापडलेला माल तोच आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते, आणि लोखंडी सळया, साखरेची पोती किंवा तेलाचे डबे यांना स्वतःचा चेहरा नसतो. गठ्ठ्यावरील चकतीचा अथवा डब्यावरील उत्पादन क्रमांक बिल्टीशी, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीशी, जुळवून पंचनाम्यात लिहिला नाही, तर पंच फितूर होताच पुरावा कोसळतो. पन्नास हजार रुपयांवरील मालाच्या आंतरराज्य वाहतुकीला 2018 पासून ई-वे बिल लागते, 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. मालमोटार कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली याची नोंद सरकारच्याच यंत्रणेत पडून असते आणि नाक्यावरील चित्रण मात्र ठरावीक मुदतीनंतर पुसले जाते. इतके असूनही दोषारोपपत्रात तेच ते पंच आणि तीच ती ठरावीक भाषा यावी, ही अक्षम्य बेपर्वाई आहे. संगणकीय नोंदीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडणे अनिवार्य असल्याचे जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या 2020 च्या निकालाने स्पष्ट केले असल्याने, या बाबतीत अज्ञानाची सबबही आता चालणार नाही.

विलंबाचीही तीच गत आहे. अधिकाऱ्यांच्या वेशात लोखंडाच्या मालमोटारी थांबवून चालक-क्लीनरांना ठार मारणाऱ्या टोळीच्या 2008 मधील गुन्ह्यांचा निकाल आंध्र प्रदेशातील ओंगोलच्या न्यायालयाने 2021 मध्ये दिला आणि 12 जणांना फाशी सुनावली. अपिलाची पायरी त्यापुढची.

या सगळ्यात मृत चालकाच्या घरच्यांची आठवण कोणाला राहत नाही. वाहन लुटताना झालेला चालकाचा खून हा मोटार वाहन कायद्याच्या अर्थाने अपघात ठरू शकतो आणि वारसांना भरपाई मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच नागालँडमधील एका रिक्षाचालकाच्या प्रकरणात ठरवले. तरीही हा हक्क वारसांना सांगण्याची जबाबदारी ना मालक घेतो, ना माल पाठवणारा व्यापारी. गृह विभागाने अशा प्रत्येक गुन्ह्यात बिल्टी, ई-वे बिल व टोलच्या नोंदी पहिल्या आठवड्यातच प्रमाणपत्रासह ताब्यात घेण्याचा लेखी आदेश काढावा, आणि वारसांना भरपाईच्या हक्काची माहिती देणे तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक करावे.