नाडी चुकते, औषध चुकू नये

'एट्रियल फिब्रिलेशन'मध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसतेच थरथरतात. तेथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात! हा धोका सुमारे पाचपट वाढतो. म्हणून २०२० साली युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने उपचाराची तीन अंगे एकत्र बांधली : गुठळी रोखणे, लक्षणे आवरणे आणि रक्तदाब-मधुमेहादी सोबतचे विकार सांभाळणे.

तरीही कित्येक चिठ्ठ्यांवर मला नाडी मंदावणारी गोळी दिसते आणि गुठळीसाठी केवळ अ‍ॅस्पिरिन. वस्तुतः वॉरफरिन ज्यांना देता येत नव्हते, अशा रुग्णांवरील 'अ‍ॅव्हेरॉस' चाचणीने २०११ मध्येच दाखविले, की अ‍ॅपिक्साबॅनमुळे पक्षाघात अ‍ॅस्पिरिनच्या निम्म्याहून कमी होतात आणि मोठा रक्तस्राव फारसा वाढत नाही.

मग अडते कोठे? माझ्या मते, हिशेबात. औषधाने रक्तस्राव झाला तर तो डॉक्टरांच्या नावे लागतो. औषध न दिल्याने पक्षाघात झाला तर तो नशिबाच्या नावे! गर्दीच्या दवाखान्यात हा हिशेब एकट्या डॉक्टरांवर टाकणेही न्यायाचे नव्हे.

तेव्हा मित्रहो, घरातील वडीलधाऱ्यांची चिठ्ठी एकदा वाचा. परस्पर औषध बदलू नका, पण डॉक्टरांना नम्रपणे जरूर विचारा, "गुठळीचे काय?"