मामांचा गोंधळ आणि आमचा

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी सकाळी तुंगार्लीला मामांकडे पोचलो तर मामा बूट घालून दारात उभे. म्हणाले, "अरे, आज सिंहगड चुकणार. ही डबाच देत नाहीये." मामा नोकरीतून रिटायर होऊन 9 वर्षं झालीत!

मामांना मेंदूचा कॅन्सर आहे, ग्लायोब्लास्टोमा. ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन झालं, टेमोझोलोमाइडच्या गोळ्या चालू आहेत. त्या दिवशी घरात सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: संपलं आता. खरं सांगायचं तर मीही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना खरं तर माहीत असतं, की प्रोग्राम अडकला म्हणजे कारण एकच असतं असं नाही. इथेही तसंच. गाठ वाढणं हे एक कारण झालं. पण गाठीभोवतीची सूज, बाहेरून न दिसणारी फिट, रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीचं इन्फेक्शन, सुजेवर दिलेल्या डेक्सामेथासोनने उडालेली झोप, यांनीही माणूस असंबद्ध बोलतो. आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. मामी गोळ्या, झोप, खाणं सगळं वहीत लिहितात. ती वही घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं. सोडियम कमी निघालं. चार-पाच दिवसांत मामा बरेच ताळ्यावर आले.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. मामेभावाने नेटवर वाचून मामींना सांगून टाकलं, "साधारण 14 महिने." हा आकडा 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातला, नेमका 14.6. पण तो मध्यक आहे, मुदत नव्हे! निम्मे पेशंट त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही जगले. त्याच अभ्यासात रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड घेतलेले 26.5 टक्के लोक दोन वर्षांनी हयात होते. अर्थात पाच वर्षांनी जेमतेम 10 टक्के उरले, हेही त्यातलंच. शिवाय वय, गाठ किती काढता आली, तिची जनुकीय तपासणी, यावर आकडा हलतो. म्हणून तो नेटला नाही, आपल्या डॉक्टरांना विचारायचा.

आता माझा मुद्दा. "त्यांना सांगू नका, खचतील," हे आपल्याकडे ठरलेलं वाक्य. मामा ताळ्यावर आले त्या आठवड्यात गॅलरीत बसून त्यांनी मला विचारलं, "किती दिवस रे? खरं सांग." मी म्हटलं, "होईल सगळं ठीक." मामा काही बोलले नाहीत, धरणाच्या बाजूला बघत बसले.

रात्रभर झोप आली नाही. इतर आजारांत "उद्या सांगू" चालून जात असेल. इथे उद्या ऐकणारा माणूस आजचाच असेल याची खात्री नसते. माझ्या मते विचारणाऱ्यापासून लपवणं ही माया नव्हे, आपली सोय आहे. सकाळी मामींना विचारून डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं मामांना सांगितलं. मामा खचले नाहीत. रडले थोडे. मग बँकेचे कागद काढायला लावले, आणि शेवटी व्हेंटिलेटर नको असं मामींसमोर, मुलासमोर स्पष्ट सांगितलं.

असो. काल मामींचा फोन होता. मामा पुन्हा सिंहगडची वाट बघतायत. मामींनी वही घेतलीय, हॉस्पिटलची वेळही. पण या वेळी मामांना काय हवंय, ते आम्हाला माहीत आहे.