इव्हँजेलिकल मतपेढी : श्रद्धेचे फळ की संघटनेचे?

१/ अमेरिकेतील बहुसंख्य श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल ख्रिस्ती रिपब्लिकन पक्षाला मत देतात, हे आज जणू त्यांच्या श्रद्धेचेच अंग मानले जाते. माझे मत वेगळे आहे. ही मतपेढी आपोआप उगवली नाही; ती घडवली गेली.

२/ १९६५. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. व्हर्जिनियातील पाळक जेरी फॉलवेल यांनी तेव्हा प्रवचनात बजावले की धर्मोपदेशकाचे कार्य राजकारण नव्हे, आत्म्यांचे तारण आहे. १९७९मध्ये त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली. मधल्या १४ वर्षांत काय बदलले?

३/ रूढ उत्तर : गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल. परंतु १९७१मध्ये साऊदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शननेच बलात्कार, मातेच्या आरोग्यास धोका अशा प्रसंगी गर्भपातास कायदेशीर मुभा असावी, असा ठराव केला होता. त्या काळी गर्भपातविरोधाची धुरा मुख्यतः कॅथलिकांकडे होती.

४/ दुसरा धागा करसवलतीचा. वंशभेदी नियमांमुळे बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत १९७६मध्ये गेली. १९७८मध्ये खासगी शाळांसाठी कठोर नियम प्रस्तावित झाले आणि पाळकवर्ग खवळला. इतिहासकार रँडल बामर यातच चळवळीचे मूळ पाहतात. इतर अभ्यासक स्त्रीवादाला व शाळांतील प्रार्थनाबंदीला झालेल्या विरोधावर भर देतात. मला वाटते, अशा विखुरलेल्या नाराजींना एका सूत्रात ओवणे, हीच नेत्यांची खरी कामगिरी.

५/ १९८०ची निवडणूक पाहा. एकीकडे जिमी कार्टर : स्वतः बाप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे. दुसरीकडे रोनाल्ड रेगन : हॉलिवूडचे नट, घटस्फोटित. फॉलवेल यांनी पाठिंबा दिला तो रेगन यांना. उमेदवाराच्या धर्माचरणापेक्षा त्याचा कार्यक्रम वरचढ ठरला.

६/ तथापि मतदार आज्ञाधारक नव्हते. १९८८मध्ये दूरचित्रवाणीवरील प्रख्यात उपदेशक पॅट रॉबर्टसन स्वतः रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे राहिले आणि जॉर्ज बुश यांच्यापुढे हरले. कोणाला मत द्यावे यापेक्षा मत देताना कोणता प्रश्न तोलावा, हे ठरवण्यात नेत्यांचे बळ होते.

७/ कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी अनेकांचे धर्ममत याच्याशी मिळतेजुळते. तरीही त्यांचा कल मोठ्या प्रमाणावर डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे. बायबल एकच, मतपत्रिका निराळ्या. सगळे श्रेय धर्माला दिले की मतपेढी घडवणारी माणसे इतिहासाच्या हिशेबातून सुटतात. म्हणून ‘अमुक समाज असेच मत देतो’ असे कोणी म्हटले, तर एवढेच विचारा : केव्हापासून?